एकतीस किलोंची पाठवणी

थोरला मोडून परत आला आणि रेडिओकाकांनी दुकानाचं शटर जे खाली ओढलं, ते आठ महिने झाले तरी वर गेलं नव्हतं.

थोरला म्हणजे त्यांचा मुलगा नव्हे. मुलगा एकुलता एक, धडधाकट, बस चालवायचा आणि जेवायला वेळेवर हजर असायचा. थोरला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. काकांनी हौसेनं दोन बनवले होते, हुबेहूब एकमेकांसारखे. पोलादी बैठक, तिच्यावर मागच्या बाजूला विटेएवढाले तीन ट्रान्सफॉर्मर आणि पुढे जुन्या रेडिओत असायचे तसले बल्बसारखे दिसणारे काचेचे आठ व्हॉल्व्ह. एकेकाचं वजन एकतीस किलो. आधी पुरा झाला तो थोरला, नंतर झाला तो धाकटा. धाकटा घरात बाहेरच्या खोलीत राहिला. थोरला दूरच्या गावी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी घेतला. ट्रकनं दोन दिवसांचा प्रवास करून तो बाईंच्या दारात पोचला, तेव्हा खोक्यावर साधा ओरखडाही नव्हता आणि आत काचेचा चुरा होता.

बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनीही चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण बाई म्हणाल्या, "काका, तुमचा काही दोष नाही. दुसरा कराल तेव्हा करा, मी थांबते." आता एवढ्या चांगुलपणाला माणसानं काय उत्तर द्यायचं? काकांनी थोरल्याला परत मागवून घेतलं, खोका न उघडताच दुकानातल्या बाकाखाली सरकवला, वर जुनी चादर टाकली आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. पूर्वी असला आवाज त्यांनी तासभरसुद्धा सहन केला नसता. आता तो कुरकुरतच राहिला.

त्यांची सून हाडांच्या वॉर्डात नर्स होती. एक नवरा सोडला तर सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. हाड जुळलंय, फोटोत दिसतंय, तरी पलंगावरून पाय खाली न टाकणारे पेशंट तिनं ढिगानं पाहिले होते, आणि खुर्चीतला हा माणूस त्यांच्यातलाच आहे हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी तिला पहिलं वाक्य सांगितलं होतं ते असं, "पोरी, नोकरी सोडायची नाही. हातातलं काम सुटलं की माणूस सुटतं." स्वतःचं हे वाक्य ते विसरले होते. तिच्या मात्र ते चांगलं लक्षात होतं, आणि त्यांना असं विझत जाताना बघणं तिच्यानं होत नव्हतं.

एका रविवारी जेवणं उरकल्यावर तिनं विषय काढला.

"बाबा, गाण्याच्या बाईंचा फोन होता. मी त्यांना धाकटा देते म्हणाले."

काकांनी खिडकीतून तोंड वळवलं. "कुणाला विचारून?"

"आत्ता विचारतेय ना."

"मोडेल तो."

"नाही मोडणार."

"आणि मोडला तर?"

"तर मग तुम्ही म्हणाल तसं. दुकान विकून टाका, मी एक शब्द बोलणार नाही. पण पोचला तर तुम्ही पुन्हा बाकावर बसायचं."

बसवाला मुलगा हात पुसत होता, तो म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. घरात वाजतोय तो बरा आहे की."

"वाजतोय कुठे? आठ महिन्यांत कुणी बटण दाबलंय?" सिस्टर म्हणाली. नवऱ्यानं मुकाट्यानं हात पुन्हा पुसले.

काकांनी पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तुला काय करायचं ते कर, सूनबाई. मी त्याला हात लावणार नाही." ते रागावले की तिला सूनबाई म्हणत. पण 'नाही पाठवायचा' असं ते म्हणाले नव्हते, आणि सिस्टरला तेवढं पुरेसं होतं. तिनं पदर खोचला आणि दुकानाच्या मागच्या दाराची किल्ली खिळ्यावरून काढून घेतली.

तिचा हिशेब सरळ होता. धाकटा सुखरूप पोचवायचा तर थोरला कशानं मोडला ते आधी कळायला हवं. तिनं बाकाखालचा खोका ओढून काढला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि हातमोजे चढवून एकेक वस्तू बाहेर घ्यायला लागली. वरून थर्माकोलचा जाड थर, बाजूंना थर्माकोल, सगळीकडे बबलचं प्लास्टिक. काकांनी तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं गुंडाळलं होतं. खोक्याच्या एका कोपऱ्यात आतून चेपलेली खूण होती. आणि त्याच कोपऱ्याच्या बाजूचा सगळ्यात जड ट्रान्सफॉर्मर बैठकीवरून उखडून आडवा झाला होता. त्याचे चारपैकी दोन बोल्ट तुटले होते. पडता पडता त्यानं पुढचे व्हॉल्व्ह झाडून काढले होते.

ती तिथेच मांडी घालून बसली. अपघाताच्या कितीतरी केसेस तिनं अशाच पाहिल्या होत्या. माणसाला बाहेर खरचटलेलंही नसतं, आणि मान गेलेली असते. गाडी थांबते, पण माणसाचं डोकं थांबत नाही, ते पुढे जातंच. इथेही तसंच झालं होतं. काकांनी बाहेरच्या माराची काळजी घेतली होती. आतल्या वजनाला कुणी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी संपवून ती मालवाहतुकीच्या गोदामात गेली. आत कुणी हटकलं नाही. पांढरा गणवेश असला की लोकांना वाटतं, कुणाला तरी लागलं असणार. ती एका बाजूला पोत्यावर बसून तासभर ट्रक भरताना बघत राहिली. शेवटी हमालांचा मुकादमच खांद्यावरचा टॉवेल झटकत तिच्यापाशी आला.

"काय पाहिजे ताई?"

"एकतीस किलोची काचेची वस्तू पाठवायची आहे. 'नाजूक' असं मोठ्या अक्षरात लिहिलं तर चालेल का?"

मुकादम मनापासून हसला. "ताई, आमच्याकडे गाद्यांवरसुद्धा 'नाजूक' लिहून येतं. कोण वाचतंय?"

"मग काय करू?"

त्यानं तिला एक खोका दाखवला. "हे बघा. हा एकटा माणूस पोटाशी धरून नेतो. ठेवताना कंबर दुखते म्हणून वाकत नाही, मग शेवटचा हातभर सोडूनच देतो. आम्ही काही मुद्दाम नाही करत, दिवसाला दोनशे खोके असतात. पण जे दोघांशिवाय उचलता येत नाही ना, ते पडत नाही. दोघं समोरासमोर असले की दोघं एकदमच वाकतात. तुमची पेटी एवढी रुंद करा की एकट्याच्या कवेत मावायची नाही. दोन्ही अंगांना दोराच्या मुठी लावा. आणि खाली दोन आडव्या दांड्या मारा, म्हणजे ठेवताना बोटं चेंगरायची नाहीत. बोटं चेंगरायला लागली की हात आपोआप सुटतो."

सिस्टरनं हे सगळं ड्यूटीच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मुकादमाला तिनं कंबरेला लावायचं मलम आणून द्यायचं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी दिलंही.

आता प्रश्न होता तो खात्रीचा. तिच्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती ऐकून नवऱ्याचा घास हातातच राहिला. धाकटा पाठवायच्या आधी थोरला पाठवून बघायचा. कुठे? तर जिन्यावरून खाली. ट्रान्सफॉर्मर पुन्हा जागेवर बसवायचा, काकांच्या डब्यातले जळके, निकामी व्हॉल्व्ह लावायचे, धाकट्यासारखंच बांधायचं आणि तिसऱ्या पायरीवरून ढकलून द्यायचा. आत काय मोडतं ते बघायचं, त्यावर इलाज करायचा आणि पुन्हा ढकलायचा.

"मेलेल्याला आणखी मारणार?" नवरा म्हणाला.

"मेलेल्यावरच शिकतात," ती म्हणाली. "आमचे डॉक्टर काय जिवंत माणसांवर शिकले?"

पहिल्या वेळी तिनं खोक्यात मऊ स्पंज भरला. भरपूर भरला. नवऱ्यानं डोळे मिटून खोका ढकलला आणि इतका मोठा आवाज झाला की शेजारच्या दुकानातले शिंपीकाका गळ्यात टेप लटकवून धावत आले.

"कोण पडलं?"

"थोरला," नवरा म्हणाला.

"अरे देवा! पण तुला तर भाऊच नाही ना?"

खोका उघडला तर स्पंज पापडासारखा चपटा झाला होता, ट्रान्सफॉर्मर कलंडला होता आणि आठच्या आठ व्हॉल्व्ह फुटले होते. वर खिडकीत काका उभे होते. ते खुर्चीतून उठले होते हे सिस्टरनं बघून ठेवलं.

दुसऱ्या वेळी तिनं सुताराकडून जाड प्लायवूडचा पाट कापून आणला, बैठकीचे पाय काढून बैठक त्याला बोल्टनं आवळली आणि मऊ स्पंजाऐवजी पायाच्या पेशंटला देतात तसला कडक फोम चारी कोपऱ्यांत घातला. बोल्ट आवळत असताना मागून आवाज आला.

"स्प्रिंग वॉशर घातला नाहीस."

काका मागच्या दारात उभे होते. पायात चप्पलही नव्हती.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं. तिला माहीत नव्हतं असं नाही. सुतारानं सांगितलं होतं.

"म्हणजे वाटेत थरथरून नट ढिला होईल. दोन दिवस ट्रक हलत असतो. सरक." त्यांनी डावीकडच्या तिसऱ्या डब्यातून न बघता वॉशर काढले, चार नट खोलले, पुन्हा घातले आणि लगेच हात मागे बांधून उभे राहिले. जणू काही केलंच नाही.

या वेळी ढकलल्यावर तीन व्हॉल्व्ह फुटले. ट्रान्सफॉर्मर उखडला नव्हता, पण बोटभर झुकला होता.

"मान धरायला हवी," सिस्टर म्हणाली. "आम्ही मानेच्या पेशंटला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावतो. मान हलता कामा नये, डोकं हलता कामा नये."

काका ट्रान्सफॉर्मरकडे टक लावून बघत होते. "पिशव्या नकोत. लाकडी ठोकळे. तिघांच्या मध्ये एकेक, आणि वरून एक आडवी पट्टी पेटीच्या झाकणाला टेकलेली. झाकण आवळलं की तिघं खाली दाबले जातील." मग जरा थांबून म्हणाले, "मी नुसतं सांगतोय. करायचं तुलाच."

तिनं करवत हातात घेतली आणि मुद्दाम वाकडी चालवली. मुद्दाम म्हणजे तशी तिला सरळ येतही नव्हती. तीन मिनिटांत करवत काकांच्या हातात होती.

त्या आठवड्यात दोघांनी मिळून पेटी केली. मुकादमानं सांगितली तशी रुंद, दोराच्या मुठींची, खाली दांड्या असलेली. शिंपीकाकांनी जाड कापडाच्या चिंध्या दिल्या. ठोकळे लोखंडाला घासू नयेत म्हणून काकांनी त्यांना त्या चिंध्यांची अस्तरं लावली. शटर मात्र खालीच होतं. दिवसासुद्धा दिवा लावून आणि मागच्या दारानं ये-जा करून काम चाललं होतं. आपण दुकान उघडलेलं नाही, एवढा एक हट्ट काकांनी राखला होता.

तिसऱ्यांदा पेटी जिन्यावरून ढकलली तेव्हा ती गडगडली नाही. धप्प करून बसली. झाकण उघडलं. काकांनी ट्रान्सफॉर्मरच्या कडेला पोस्टकार्ड लावून बघितलं. केसभरही फट नव्हती. बैठक सरळ. सिस्टरच्या तोंडावर हसू आलं तेवढ्यात नवरा म्हणाला, "हे काय?"

दोन व्हॉल्व्ह आपापल्या खोबणीतून उडून तळाशी फुटून पडले होते.

"आता कळलं," सिस्टर म्हणाली. "व्हॉल्व्ह काढून वेगळे पाठवायचे. प्रत्येकाला त्याचा खण."

"नाही," काका म्हणाले.

"का नाही?"

"आपल्याकडून वस्तू वाजती जाते." काकांचा आवाज चढला. "चाळीस वर्षांत या दुकानातून सुटी केलेली वस्तू बाहेर गेलेली नाही. गिऱ्हाईक समोर बसतं, मी वाजवून दाखवतो, बटण बंद करतो आणि तशीच्या तशी त्याच्या हातात देतो. अर्धवट वस्तू द्यायची म्हणजे काम अर्धवट. तिकडे त्या बाई उलटंसुलटं लावणार, वाजलं नाही की म्हणणार, म्हाताऱ्यानं भंगार पाठवलं."

सिस्टरनं फुटलेल्या काचा हळूहळू गोळा केल्या. मग तिनं विचारलं, "ती माणसं वस्तू न्यायची कशी?"

"कशी म्हणजे? मांडीवर घेऊन. रिक्षात, नाहीतर..." काका बोलता बोलता थांबले.

"आणि थोरला?"

काका स्टुलावर बसले. "थोरल्याला मी तासभर वाजवला होता. सगळं उत्तम होतं. मग बटण बंद केलं आणि होता तसाच खोक्यात ठेवला. सगळे व्हॉल्व्ह लावलेलेच." त्यांनी हाताच्या तळव्यांकडे बघितलं. "म्हणजे तो माझ्याच हट्टापायी मोडला."

नवरा काहीतरी बोलायला निघाला होता. सिस्टरनं त्याला नजरेनंच गप्प केलं. पेशंटनं खरं विचारलं की खोटं सांगायचं नाही, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती, आणि ते दरवेळी जिवावर यायचं.

"हो," ती म्हणाली. "थोडा त्यामुळेही मोडला."

सिस्टरनं गोळा केलेल्या काचा कागदात गुंडाळल्या.

"बाबा, आमच्याकडून पेशंट काय नाचत घरी जातो? प्लास्टर असतं, टाके असतात. आम्ही अर्धवटच पाठवतो. पण सोबत कार्ड देतो. काय केलंय, काय करायचं, कधी करायचं, सगळं लिहून. कार्ड नीट असेल तर घरची माणसं बरोबर सांभाळतात. आपण ह्याचं डिस्चार्ज कार्ड लिहू. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"आणि बाईंना नाही जमलं तर?"

"आपण आधी बघू जमतं का ते. घरातल्या सगळ्यात अडाणी माणसाला लावायला देऊ."

दोघांनी एकदमच बसवाल्याकडे बघितलं.

"ए!" तो म्हणाला. पण आरोप खोटा नव्हता. घरातला दिवा गेला तर तो आधी इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधायचा.

काकांनी होकार दिला नाही. ते उठले, वर गेले, धाकट्याला तासभर वाजवत बसले. मग तो थंड झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी एकेक व्हॉल्व्ह सरळ वर ओढून काढला. शेवटचा त्यांनी तसाच मुठीत धरून ठेवला. सिस्टरला तिथे थांबवेना. ती चहा ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली आणि गॅस न पेटवताच उभी राहिली.

कार्ड लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. वर नाव: धाकटा. वजन: एकतीस किलो. मग काय काय काढून ठेवलंय, धाकटा पेटीतून कसा मोकळा करायचा, कुठला बोल्ट आधी. प्रत्येक व्हॉल्व्हला आणि त्याच्या खोबणीला काकांनी एकाच रंगाचा ठिपका दिला आणि एक ते आठ आकडे टाकले. बसवाल्याला अ‍ॅम्प्लिफायरपुढे बसवलं. काकांना अट होती, की काहीही झालं तरी बोलायचं नाही आणि हात मांडीखाली ठेवायचे. बसवाला चार नंबरला अडला आणि जोर लावायला लागला. काकांचा चेहरा पडला, पण त्यांनी शब्द पाळला. सिस्टरनं कार्डावर एक ओळ वाढवली: जोर लागत असेल तर थांबा, व्हॉल्व्ह हलकेच फिरवा, खाच सापडली की तो आपोआप बसतो. बसवाल्यानं वाचलं, फिरवलं आणि व्हॉल्व्ह बसला. आठवा लागला. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटानं खोलीत आवाज भरला आणि बसवाला उठून उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं काहीतरी दुरुस्त केलं होतं.

"ह्याला जमलं," काका म्हणाले, "म्हणजे बाईंना डोळे मिटून जमेल."

कार्डाच्या तळाशी एकच रकाना उरला. वॉर्डातल्या प्रत्येक कार्डावर तो असतोच: पुन्हा कधी दाखवायचं. सिस्टर पेन घेऊन बसली खरी, पण काय लिहिणार? दुकान बंद. दाखवायचं कुणाला? सासऱ्यांना विचारायचा धीर तिला झाला नाही. तिनं रकाना कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी पेटी बंद केली. फोमच्या आठ खणांत आठ व्हॉल्व्ह, तिन्ही ट्रान्सफॉर्मरच्या मधे ठोकळे, वरून आडवी पट्टी. पेचकस पेटीच्या बाहेरच्या अंगाला दोरीनं बांधून ठेवला, म्हणजे उघडताना शोधाशोध नको. शेवटी काका म्हणाले, "कार्ड इकडे दे. ते मी ठेवतो. पाकिटात घालायला हवं." ते कार्ड घेऊन बाकापाशी गेले, पाठमोरे काहीतरी करत राहिले आणि पाकीट आत ठेवून त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळले.

गोदामात मुकादमानं पेटीला चहूबाजूंनी फेरी मारली आणि आपल्या दोन माणसांना हाक दिली. दोघांनी मुठी धरल्या, दोघं एकदम उठले आणि ट्रकमध्ये दोघं एकदम वाकले. पेटी आवाज न करता टेकली. सिस्टरनं नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला होता, की घरी गेल्यावर त्याला चार बोटांचे वळ दिसले.

मग दोन दिवस. त्या दोन दिवसांत सिस्टरनं वॉर्डात एकाच पेशंटचा ताप तीनदा मोजला. काका खिडकीत बसून होते. बाहेरच्या खोलीत धाकट्याच्या जागी भिंतीवर चौकोनी, स्वच्छ डाग राहिला होता. तो सगळ्यांनाच दिसत होता. मोडला तर दुकान विकायचं, हे आपणच बोलून बसलो, हे तिला राहून राहून आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सिस्टरनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"पेटी आली हो!" गाण्याच्या बाईंचा आवाज होता. "दोघांनी उचलून आत आणून ठेवली. मी उघडलीय. आता कार्ड वाचते आणि तसं करते. तुम्ही फोनवर थांबा."

काका खिडकीतून हलले नाहीत. पण त्यांनी हात लांबवून पंखा बंद केला.

बाईंनी बोल्ट मोजले. पट्टी काढली. ठोकळे काढले. "तिन्ही ट्रान्सफॉर्मर सरळ आहेत." मग एकेक व्हॉल्व्ह खणातून काढत त्या आकडे म्हणत गेल्या. "एक, अख्खा. दोन, अख्खा." सिस्टर ओठ हलवत त्यांच्याबरोबर मोजत होती. "आठ. आठही अख्खे!" बसवाल्यानं टेबलावर थाप मारली आणि बायकोचा चेहरा बघून हात मागे घेतला. अजून वाजायचं होतं.

बाईंनी व्हॉल्व्ह बसवले, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. अर्धं मिनिट गेलं. फोनमधून नुसती जाड घरघर आली.

"हे असं का येतंय?" बाई घाबरल्या. सिस्टरनं काकांकडे बघितलं.

काका टेबलापाशी आले. त्यांनी फोनला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, बंद करा. पाच मिनिटं थंड होऊ द्या. मग सहा नंबर हलकेच फिरवून पुन्हा दाबा. तो अर्धाच बसलाय."

"तुम्हाला इथून कळलं?"

"मीच बनवलाय ना."

पाच मिनिटं कुणी बसलं नाही. मग पलीकडे बटणाचा टक् आवाज झाला, अर्धं मिनिट काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यानंतर एका बाईचा गाता आवाज आला. फोनमधून येत होता तरी भरदार, उबदार, घरघर नाही की खरखर नाही. सिस्टरला रडूच कोसळलं. आठ महिन्यांचं रडू होतं ते, आणि तिनं ते अडवलं नाही.

"काका," बाई गाण्याच्या वर आवाज काढत म्हणाल्या, "कार्डाच्या शेवटी लिहिलंय ते खरं ना? मी तर ऐकलं होतं, तुम्ही काम बंद केलंत."

"काय लिहिलंय शेवटी?" सिस्टरनं डोळे पुसत विचारलं. शेवटचा रकाना तर तिनं कोरा सोडला होता.

"पुन्हा कधी दाखवायचं, त्याच्यापुढे लिहिलंय. अक्षर वेगळं आहे, थोडं थरथरलेलं. 'वर्षातून एकदा. दुकान उघडं आहे.'"

फोनमध्ये गाणं चालूच होतं. सिस्टरनं सासऱ्यांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

"बाबा, हे कधी लिहिलंत?"

"पाकिटात घालताना."

"तो पोचायच्या आधीच? मोडला असता तर?"

"मोडला असता तर दुरुस्त करायला दुकान नको का?" त्यांनी चष्मा चढवला. "आणि काय गं, रकाना कोरा सोडून पेशंट पाठवतेस? शोभतं का तुला?"

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, या वेळी पुढच्या शटरची, आणि जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्या उतरून ते वळले.

"पोरी, चल खाली. आठ महिन्यांत गंजलं असेल ते. एकट्यानं उचलायचं नाही, दोघं लागतील."

तिनं पदर खोचला आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरली.